पाचवा रकाना

बाप माझा नदी मोजायचा.
राजाराम बंधाऱ्यावर पांढऱ्या पट्टीवरचे काळे आकडे,
एक टॉर्च, एक घोंगडं,
आणि पाटबंधारे खात्याचा शिक्का मारलेली वही.
एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका.
घरातही त्याची हीच भाषा.
आईचा आवाज चढला की म्हणायचा,
"अडतीस झालं बघ, जरा दमानं."

वहीत वरच्या पाण्याचे चार रकाने :
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
बापानं पट्टी धरून पेन्सिलीनं पाचवा आखला,
वर लिहिलं सरस्वती,
आणि खाली रोज एक आडवी रेघ.
साहेब विचारी, "धोंडीराम, ही कुठली नदी?"
"दिसत न्हाई साहेब. पण नाव पंचगंगा हाय,
चौघींचाच हिशेब देऊन सही कशी करू?"

मला त्यानं नदी शिकवली ती जेवणाच्या ताटात.
भाताचा ढीग म्हणजे सह्याद्री.
आमटीची एक वाट गजापूरकडून, एक गगनबावड्याहून,
एक धामोडची, बारकी, लाजरी,
आणि एक दाजीपूरच्या जंगलातनं,
राधानगरीचे आपोआप उघडणारे दरवाजे ओलांडून.
चिखलीला, प्रयागावर, सगळ्या एक होतात;
तिथं त्यानं भाकरीचा तुकडा ठेवला.
मग ताट पूर्वेला जरासं कलवलं.
"हितनं फुडं उतारच न्हाई. ही पोरगी चालत न्हाई, रेंगाळती.
आणि नरसोबावाडीला कृष्णा तुडुंब असली
की हिला दार बंद. मग ही माघारी फुगती,
आपल्या पेठंत."
ताटातली आमटी माझ्या फ्रॉकवर आली.

ब्रह्मपुरीच्या टेकाडाचंही त्यानंच सांगितलं.
खणलं तर खाली विटा, मणी, खापरं,
आणि वीतभर उंचीचा काशाचा एक परदेशी देव,
समुद्राचा.
"समुद्राच्या देवाला आपल्या नदीवर काय काम?"
"व्यापारी घेऊन आला असंल, घाट चढून.
न्यायला इसरला."
टाऊन हॉलच्या काचेमागं तो अजून उभा आहे
एक हात वर करून,
कंडक्टरनं गाडी थांबवावी तसा.

घाटावर आम्ही धुणं न्यायचो तेव्हा पाण्याचा तळ दिसायचा.
पुढं जयंती नाला आला, त्याला कुणी वहीत घेतलंच नाही.
केंदाळ आलं. एकदा मासे आले, पोटं वर करून.
बापानं रकाना वाढवला नाही.
"घाणीला नदी म्हणायचं नसतं," एवढंच म्हणाला
आणि पेन्सिलीला टोक केलं.

तो निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, आणि मग तो ऑगस्ट.
पंचेचाळीस. पन्नास. पट्टीच बुडाली म्हणे.
चिखलीची माणसं म्हशी सोडून यायला तयार नव्हती,
यशवंता आंबी गुळाच्या काहिलीत बसून
एका बाळंतिणीला आणायला गेला.
आम्ही जामदार क्लबामागं, उंबऱ्याशी वाळूची पोती रचून
दाराकडं बघत बसलेलो.
पाणी दारानं आलंच नाही.
मोरीतनं आलं, फरशीच्या सांध्यातनं,
देव्हाऱ्याखालून, गुपचूप, थंडगार.
बाप खाटेवरून उठला. खात्यात कधीच जमा न केलेली
ती जुनी वही काढली.
"हीच ती," म्हणाला.
जिन्याच्या बुडालेल्या पायऱ्या मोजल्या
आणि पाचव्या रकान्यात पहिल्यांदा आकडा लिहिला :
चार पायऱ्या, दोन इंच.

वही नंतर चिखलात सापडली.
शाईचे चारही रकाने धुऊन गेले होते,
निळसर एक डाग, बस्स.
पेन्सिल पाण्यानं जात नाही.
इतक्या वर्षांच्या त्या आडव्या रेघा, एकीखाली एक,
आणि तळाला ते थरथरतं अक्षर.

बाप आता नाही. पातळी मोबाईलवर येते, दशांशासकट.
पावसाळ्यात रात्री जाग आली
की मी दाराकडं जात नाही.
मोरीपाशी बसते,
फरशीला हात लावून बघते.